बेडफर्डचा कल्हईवाला

गेल्या वर्षी इंग्रजीच्या तासाला सरांनी फळ्यावर जॉन बनियन असे नाव लिहिले आणि मागच्या दोन बाकांवर खसखस पिकली. बनियन म्हणजे सदऱ्याच्या आत घालायचे, एवढेच आम्हाला ठाऊक! सर रागावले नाहीत. त्यांनी एवढेच सांगितले की, हा मनुष्य गावोगाव फिरून फुटकी भांडी सांधणारा होता, शाळेत जेमतेम गेलेला होता, आणि त्याने लिहिलेले एक पुस्तक दोनशेंहून अधिक भाषांत गेले आहे. मग त्यांनी पुढचा धडा काढला. बनियन आमच्या अभ्यासक्रमात नव्हताच. कसल्याशा संदर्भात नाव आले होते इतकेच.

माझ्या मनात मात्र ते नाव राहून गेले. त्याचे कारण सांगायला थोडा संकोच वाटतो, पण सांगतो. माझे आजोबा कल्हई करीत असत. पिंपळाच्या पाराजवळ जमिनीत केलेला खड्डा, त्यातले निखारे, चामड्याचा भाता, तापलेल्या पातेल्यात टाकलेला नवसागर, त्याचा पांढरा धूर आणि कापसाच्या बोळ्याने भराभर फिरवलेले कथील, हे सारे मी वडिलांच्या तोंडून इतक्यांदा ऐकले आहे की, स्वतःच पाहिल्यासारखे वाटते. पुढे घरोघर स्टेनलेस स्टील आले आणि कल्हई बसली. वडील आता सायकलला पेटी बांधून कुकर, स्टोव्ह, गॅसच्या शेगड्या दुरुस्त करीत फिरतात. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. प्रवेशाच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी काय लिहिले असेल? स्वतंत्र व्यवसाय! भांडी सांधणाऱ्या माणसाचे नाव वाङ्मयाच्या इतिहासात असू शकते, हे तेव्हा मला माहीत नव्हते.

तेव्हा ग्रंथालयात मिळाले ते वाचून, समजले तसे, या माणसाचे चरित्र येथे लिहीत आहे. चुकले असेल तेथे प्राध्यापकांनी कान धरावा.

लंडनच्या उत्तरेला सुमारे ५० मैलांवर, ऊझ नदीच्या काठी बेडफर्ड नावाचे गाव आहे. त्याच्या शेजारी, चालत अर्ध्या तासावर, एल्स्टो हे खेडे. तेथे १६२८ साली जॉनचा जन्म झाला. त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद ३० नोव्हेंबरची आहे. वडील टॉमस तांब्यापितळेची भांडी घडवीत व सांधीत. मुलाने दोन अक्षरे शिकावीत म्हणून त्यांनी त्याला शाळेत घातले. ते जे काही शिकलो ते पुढे बहुतेक विसरलो, असे बनियन स्वतःच कबूल करतो. लवकरच वडिलांच्या हाताखाली भट्टी आणि हातोडा हीच त्याची शाळा झाली.

१६४४ साल या पोराच्या आयुष्यात फार वाईट आले. जूनमध्ये आई गेली, जुलैमध्ये पाठची बहीण गेली, आणि ऑगस्टमध्ये वडिलांनी पुन्हा लग्न केले. जॉन तेव्हा सोळाही पुरा झालेला नव्हता. त्या सुमारास इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटलेले होते. शरद ऋतूत हा मुलगा पार्लमेंटच्या सैन्यात भरती झाला आणि न्यूपोर्ट पॅग्नेल येथील ठाण्यावर गेला. मोठी लढाई अशी त्याने पाहिली की नाही कोण जाणे, पण एक गोष्ट तो जन्मभर विसरला नाही. एका वेढ्यावर त्याला जायचे होते. ऐन वेळी एक सोबती त्याच्या जागी मी जातो म्हणाला, गेला, आणि पहाऱ्यावर उभा असताना डोक्यात गोळी लागून मेला. आपल्या वाट्याचे मरण दुसऱ्याने घेतले, ही बोच त्याच्या मनात राहिली.

सैन्यातून परतल्यावर, विशीच्या आसपास, त्याचे लग्न झाले. या पहिल्या बायकोचे नावसुद्धा कुठे लिहून ठेवलेले नाही. दोघेही इतके गरीब की, घरात एक ताट नाही की एक चमचा नाही. भांडी सांधणाऱ्याच्या घरी भांडे नसावे! पण बायकोने माहेराहून दोन धार्मिक पुस्तके आणली होती. तिचे वडील मरताना ती तिला देऊन गेले होते. संध्याकाळी दोघे ती वाचत बसत. आपले वडील कसे सचोटीने वागत, हे ती त्याला सांगे. विसरलेली अक्षरे बनियनला पुन्हा ओळखू येऊ लागली ती या बायकोमुळे, असे मला वाटते. १६५० साली त्यांना पहिली मुलगी झाली. तिचे नाव मेरी. ती जन्मांध होती.

तोवर बनियन काही साधू नव्हता. शिव्या देण्यात त्याचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. नाचणे, चर्चच्या मनोऱ्यातली घंटा वाजवणे आणि रविवारी गावच्या हिरवळीवर खेळणे हे त्याचे शौक. तो खेळ वाचून मला हसूच आले, कारण तो जवळजवळ आपला विटीदांडूच आहे. एका रविवारी सकाळी उपदेशकाने सुटीच्या दिवशी खेळण्याबद्दल कानउघाडणी केली होती. दुपारी बनियनने विटीला एक टोला दिला होता, दुसरा देणार, तोच त्याला आकाशातून कोणी आपल्याला जाब विचारते आहे असे वाटले. पापे सोडून स्वर्गात जाणार की पापे घेऊन नरकात? तो दांडू हातात धरून तसाच थिजला. मग त्याने काय करावे? आता आपण सुधारण्याच्या पलीकडे गेलो, मग खेळ तरी का सोडा, असा विचार करून पुन्हा खेळू लागला! हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. संतांच्या चरित्रात अशी जागा आली की तो माणूस आपल्यातला वाटतो.

त्यानंतरची काही वर्षे त्याने मनाच्या भयंकर ओढाताणीत काढली. घंटा वाजवणे पाप म्हणून सोडले, पण पाय मनोऱ्याकडे वळत. मग नुसता उभा राहून बघे. बघता बघता वाटे, घंटा अंगावर पडली तर? म्हणून तुळईखाली उभा राही. मग वाटे, मनोराच कोसळला तर? की पळत बाहेर. आजचे डॉक्टर याला काहीतरी नाव देतील. त्याच्याजवळ तेव्हा नाव नव्हते, औषध नव्हते आणि विचारायला कोणी नव्हते.

एकदा कामासाठी बेडफर्डच्या गल्लीतून जाताना, दारात उन्हाला बसलेल्या तीन-चार गरीब बायका त्याला दिसल्या. त्या देवाविषयी बोलत होत्या. पण उपदेश केल्यासारखे नव्हे, तर माहेरचा विषय निघावा तशा आनंदाने. हा जवळ जाऊन ऐकू लागला आणि आपल्याला यातले काहीच कळत नाही हे त्याच्या ध्यानात आले. त्या बायका जॉन गिफर्ड नावाच्या उपदेशकाच्या मंडळीतल्या होत्या. हा गिफर्ड पूर्वी राजाच्या सैन्यात मेजर होता, म्हणजे बनियनच्या उलट बाजूला लढलेला! त्याच मंडळीत बनियन सामील झाला, बेडफर्डला राहायला आला, आणि १६५५-५६ च्या सुमारास स्वतः उपदेश करू लागला. दिवसा पाठीवर ऐरण आणि हत्यारे घेऊन खेड्यापाड्यांत भांडी सांधायची आणि संध्याकाळी कोठारात, अंगणात, झाडाखाली लोकांना चार शब्द सांगायचे. लोक शेकड्यांनी येऊ लागले. विद्वानांना राग आला. लॅटिन नाही, ग्रीक नाही, विद्यापीठाचा उंबरा पाहिलेला नाही, आणि हा भांडीवाला धर्म सांगणार?

१६५८ मध्ये पहिली बायको चार मुले मागे ठेवून वारली. मेरी आठ वर्षांची, बाकीची तिच्याहून लहान. पुढच्या वर्षी त्याने एलिझाबेथ नावाच्या मुलीशी लग्न केले. तिचे वय तेव्हा फार तर सतरा-अठरा असेल. आमच्या वर्गातल्या मुलींहूनही लहान. ती आली ती थेट चार सावत्र मुलांची आई म्हणूनच.

आणि १६६० साल उजाडले. पार्लमेंटचे राज्य संपले, देशाबाहेर असलेला दुसरा चार्ल्स राजा होऊन परत आला. त्याबरोबर राजाचे चर्च परत आले. प्रार्थना करायची ती सरकारमान्य पुस्तकातून, आणि उपदेश करायचा तो बिशपने परवाना दिलेल्यानेच. आपल्याकडे कीर्तनकाराला मामलेदाराचा शिक्का लागावा आणि शिक्क्याशिवाय कीर्तन केले तर बेडी पडावी, असा हा प्रकार. बनियनजवळ शिक्का नव्हता आणि तो मागायची त्याची तयारीही नव्हती.

१२ नोव्हेंबर १६६० रोजी हार्लिंग्टनजवळच्या सॅमसेल या वस्तीत त्याची सभा होती. पकडण्याचे वॉरंट निघाल्याची कुणकुण आधीच लागली होती. घरमालकाने सभा मोडून निघून जा म्हणून सुचवलेही. बनियन शेताच्या कडेने थोडा वेळ एकटा फिरला. आपण पळालो तर आपल्या भरवशावर उभे राहिलेले नवे लोक काय म्हणतील, असा विचार करून परत आला आणि सभा सुरू केली. शिपाई आले. मॅजिस्ट्रेट विनगेट याच्यासमोर त्याला उभे करण्यात आले. यापुढे उपदेश करणार नाही, एवढे कबूल केले की घरी! त्याने कबूल केले नाही. जानेवारी १६६१ मध्ये खटला चालला. एलिझाबेथ राणीच्या वेळच्या, १५९३ च्या कायद्याखाली शिक्षा झाली. आधी तीन महिने कैद. तेवढ्यात वळला नाही तर देशाबाहेर हाकलणे. आणि परत आला तर फाशी. बनियनचे म्हणणे होते की, आज सोडाल तर उद्या पुन्हा उपदेश करीन.

हद्दपारी झाली नाही, फाशीही झाली नाही. पण तीन महिन्यांची बारा वर्षे झाली! १६६० ते १६७२. मध्ये १६६६ साली थोडे दिवस सुटका, आणि पुन्हा आत. बत्तिसाव्या वर्षी गेलेला माणूस चव्वेचाळिसाव्या वर्षी बाहेर आला. आणि ध्यानात घ्या, या बारा वर्षांत कुठल्याही दिवशी तो एका वाक्यावर सुटू शकत होता.

हा भाग मी एका रात्री घरी आईला सांगितला. आई चार इयत्ता शिकलेली आहे. ती भाकऱ्या थापीत होती. मला वाटले, केवढा निश्चयाचा माणूस म्हणून ती थक्क होईल. तिने फक्त विचारले की, बारा वर्षे घर कोणी चालवले?

मी गप्प झालो. चरित्रे मी त्याच्याकरता वाचत होतो, त्यामुळे हा प्रश्न मला पडलाच नव्हता. आमच्या घरात माझी फी भरता यावी म्हणून ताई दहावीनंतर शिलाईच्या मशीनवर बसली आहे. निदान मला तरी हा प्रश्न आधी पडायला हवा होता. दुसऱ्या दिवशी मी तीच पुस्तके पुन्हा घेतली आणि एलिझाबेथचे नाव कुठे कुठे येते ते पाहत गेलो.

नवरा पकडला गेल्याची बातमी आली तेव्हा ती गरोदर होती. धक्क्याने तिला वेळेआधीच कळा सुरू झाल्या, आठ दिवस ती तळमळली, आणि मूल दगावले. त्यातून उठल्यावर ही मुलगी अर्ज घेऊन लंडनला गेली आणि लॉर्डांच्या सभेपर्यंत पोचली. तेथून उत्तर मिळाले की, हे काम तुमच्या जिल्ह्यातल्या न्यायाधीशांचे. ऑगस्ट १६६१ मध्ये न्यायाधीश बेडफर्डला आले. तिने एकाला अर्ज दिला, दुसऱ्याच्या बग्गीत फेकला. शेवटी नदीजवळच्या स्वान नावाच्या खाणावळीच्या दिवाणखान्यात, जेथे न्यायाधीश आणि जिल्ह्यातले सगळे बडे लोक जमले होते, तेथे ती लाजत, थरथरत आत शिरली. न्यायाधीशांपैकी मॅथ्यू हेल हे पुढे सरन्यायाधीश झाले. स्वभावाने दयाळू. दुसरे ट्विस्डन, ते इतके भडकले की, हे आता मारतात की काय असे तिला वाटले.

तिने सांगितले की, घरात चार लहान मुले आहेत, त्यांतली एक आंधळी आहे, आणि चार लोकांच्या दयेवर आम्ही जगतो आहोत. इतक्या कोवळ्या वयात चार मुले कशी, असे हेलने विचारले. तेव्हा तिने आपण सावत्र आई असल्याचे आणि गमावलेल्या मुलाचेही सांगितले. हेल हळहळला. ट्विस्डन म्हणाला की, ही गरिबीचे सोंग पांघरते आहे, हिचा नवरा धंद्यापेक्षा उपदेशावरच जास्त कमावतो. त्याचा धंदा काय, हेलने विचारले. भांडीवाला, असे कोणीतरी जमावातून ओरडले. त्यावर ती जे म्हणाली, ते वाचताना माझा घसा दाटून आला. होय, म्हणाली, तो भांडीवाला आहे आणि गरीब आहे, म्हणूनच त्याला तुम्ही तुच्छ लेखता आणि म्हणूनच त्याला न्याय मिळत नाही.

आणि मी फॉर्मवर स्वतंत्र व्यवसाय असे लिहिले होते. असो.

उपदेश सोडील का, असे तिला स्पष्ट विचारले गेले. ती हो म्हणाली असती तर कदाचित सगळेच बदलले असते. तिने सांगितले की, तोंडात जीभ आहे तोवर तो सोडणार नाही. हेलने तिला कायद्याच्या दोन-तीन वाटा दाखवल्या, पण त्यांना पैसा लागत होता, ओळख लागत होती. ती रडत बाहेर पडली. म्हणजे बनियनचा निर्णय हा एकट्या बनियनचा नव्हता. तो अर्धा तिचा होता. मोठ्या चरित्रातसुद्धा तिला दोन-तीन पानांपलीकडे जागा मिळत नाही, याचे मला नवल वाटते.

मग बनियनला घराची पर्वा नव्हती का? उलट, त्याचे खरे दुःख तेच होते. मुलाबाळांपासून दूर होणे त्याला हाडावरचे मांस सोलून काढण्यासारखे वाटे, आणि त्यातही मेरीचा विचार त्याला सहन होत नसे. जिच्या अंगावर वारासुद्धा लागू नये असे वाटावे, ती आंधळी पोर उद्या भीक मागेल, मार खाईल, थंडीत कुडकुडेल. आपण आपल्याच बायकामुलांच्या डोक्यावर आपले घर पाडतो आहोत, हे त्याला स्वच्छ दिसत होते. दिसत असूनही तो पाडत राहिला. याला काय म्हणावे? माझा एक मित्र म्हणतो, हट्ट. दुसरा म्हणतो, धैर्य. मी या दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि आईच्या प्रश्नाला माझ्याजवळ अजून पुरते उत्तर नाही.

जे उत्तर आहे ते असे. मंडळीतल्या लोकांनी मदत केली. एलिझाबेथने काटकसर केली. आणि बनियनने तुरुंगात नाड्या केल्या. भट्टी नाही, हातोडा नाही, म्हणून तो लांब नाड्या घेऊन त्यांच्या टोकांना पत्र्याची टोपणे बसवू लागला. त्या फेरीवाल्यांना विकल्या जात. अशा नाड्या त्याने कित्येकशे ग्रोस केल्या. एका ग्रोसात १४४ नग. हिशेब वाचकांनीच करावा. सिल्व्हर स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या त्या तुरुंगात मेरी रोज संध्याकाळी सुपाचा मडका घेऊन, चाचपडत वाट काढीत बापाकडे येई, अशी बेडफर्डमधली परंपरेची गोष्ट आहे. तेथल्या संग्रहालयात एक सुपाचा मडका ठेवलेला आहे. पत्र्याचे एक फिडल आणि त्याच्या नावाची ऐरणही तेथे आहे. मेरी मात्र बापाच्या आधीच गेली.

तुरुंगात त्याच्याजवळ मुख्यतः दोन पुस्तके होती, बायबल आणि फॉक्सने लिहिलेले हुतात्म्यांचे चरित्र. एवढ्या शिदोरीवर तो लिहू लागला. १६६६ साली त्याचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. विटीदांडू, घंटा, उन्हात बसलेल्या बायका, हे सारे त्यातलेच.

१६७२ मध्ये राजाने धोरण सैल केले. जानेवारीतच मंडळीने कैदेतल्या बनियनला आपला पाळक निवडले होते. मे महिन्यात त्याला रीतसर परवाना मिळाला. गंमत पाहा, क्वेकर पंथाच्या लोकांविरुद्ध त्याने तरुणपणी कडक पुस्तके लिहिली होती, आणि क्वेकरांनी राजाकडून जो माफीनामा मिळवला, त्याच यादीत बनियनचेही नाव घातले गेले! मिल स्ट्रीटवरचे एक कोठार मंडळीने विकत घेतले. तेच त्यांचे देवालय झाले. आजही त्या जागेवर त्याच्या नावाचे चर्च उभे आहे.

लहान गावात उपदेशक होणे म्हणजे गावाच्या तोंडी लागणे. १६७४ साली अ‍ॅग्नेस बोमाँट नावाच्या एका तरुण मुलीला सभेला जायचे होते, रस्ता चिखलाचा, म्हणून बनियनने तिला आपल्या घोड्यावर मागे बसवून नेले. आधी तो नाहीच म्हणत होता. लोक काय बोलतील हे त्याला ठाऊक होते. बोललेच. मुलीच्या बापाने रागाने तिला घराबाहेर ठेवले आणि थोड्याच दिवसांत तो एकाएकी वारला. लगेच तिने बापाला विष घातले आणि त्यात बनियनचा हात, अशी हाकाटी उठली. चौकशीत मुलगी निर्दोष ठरली. हे वाचून मला आमचे गाव आठवले. तीनशे-साडेतीनशे वर्षे आणि सात समुद्र मध्ये असूनही!

१६७६-७७ मध्ये सहा महिन्यांची आणखी एक कैद झाली. आणि १६७८ मध्ये ते पुस्तक आले, 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस'. किंमत दीड शिलिंग. पाठीवर ओझे घेतलेला एक माणूस विनाशाच्या नगरातून निघून दिव्य नगराकडे चालत जातो, एवढीच कथा. पण वाटेतली दलदल, टेकड्या, जत्रा, खटला हे सारे खरे वाटते, कारण बेडफर्डशायरच्या चिखलातून ओझे वाहत हिंडलेल्या माणसाने ते लिहिले आहे. बनियनच्या हयातीतच त्याच्या अकरा आवृत्त्या निघाल्या. मराठीत हे पुस्तक १८४१ साली हरी केशवजी यांनी 'यात्रिकक्रमण' या नावाने आणले. म्हणजे 'यमुनापर्यटन' या बाबा पदमनजींच्या पुस्तकाच्याही सोळा वर्षे आधी.

या पुस्तकातल्या एका गोष्टीकडे आईच्या प्रश्नामुळेच माझे लक्ष गेले. नायक निघतो तेव्हा बायकोमुले त्याला हाका मारतात, आणि तो कानांत बोटे घालून पळतो. तो एकटाच वाचतो. लिहिणाऱ्याला हे सलले असले पाहिजे. कारण १६८४ साली बनियनने दुसरा भाग लिहिला, आणि त्यात मागे राहिलेली ती बायको आपल्या चार मुलांना घेऊन, शेजारणीला बरोबर घेऊन, तोच रस्ता चालत जाते. या भागात भीती कमी आहे. मुले वाटेत आजारी पडतात, खाणेपिणे होते, लग्नेही होतात. टीकाकार पहिला भाग श्रेष्ठ मानतात, आणि तसा तो असेलही. पण स्वान खाणावळीतल्या त्या मुलीला नवऱ्याने उशिरा दिलेले उत्तर म्हणून मला दुसरा भाग अधिक जवळचा वाटतो. हे माझे मत झाले. १६८६ साली त्याने मुलांसाठी कवितांचे एक पुस्तकही लिहिले.

आता त्याचे नाव देशभर झाले होते. लंडनला तो गेला की हिवाळ्यातल्या अंधारात, कामाच्या दिवशी, सकाळी सातला बाराशे माणसे ऐकायला जमत. लोक त्याला थट्टेने आणि प्रेमानेही बिशप बनियन म्हणत. तरी तो बेडफर्ड सोडून गेला नाही. एलिझाबेथपासून त्याला सारा आणि जोसेफ अशी आणखी दोन मुले झाली होती, आणि सेंट कथबर्ट स्ट्रीटवरच्या लहानशा घरात संसार चालला होता.

१६८५ मध्ये दुसरा जेम्स गादीवर आला आणि पुन्हा धरपकडीची चिन्हे दिसू लागली. आपल्याला पकडले तर घरदार जप्त होईल, ही भीती. त्या वर्षीच्या २३ डिसेंबरला बनियनने एक बक्षीसपत्र केले, आणि आपले जे काही आहे ते सगळे आपल्या प्रिय पत्नीच्या नावे करून टाकले. त्या कागदात त्याने स्वतःची ओळख दिली आहे ती ग्रंथकार म्हणून नव्हे, पाळक म्हणूनही नव्हे. व्यवसायाच्या जागी तांबट असे लिहिले आहे. पहिल्या वेळी घर उघडे पडले होते, ते दुसऱ्यांदा पडू नये म्हणून केलेला हा कागद त्याने घरातच कुठेतरी लपवून ठेवला.

त्याचा उपयोग करण्याची वेळ आली नाही, कारण पुन्हा अटक झालीच नाही. ऑगस्ट १६८८ मध्ये शेजारपाजारच्या एका तरुणाचे बापाशी बिनसले होते आणि बाप त्याला वारसाहक्कातून काढणार होता. समेट करून द्यायला बनियन घोड्यावर बसून रेडिंगला गेला. बापलेकांचे जुळवून दिले. तेथून लंडनकडे येताना जोराचा पाऊस लागला. तो नखशिखांत भिजून स्नो हिल येथे जॉन स्ट्रडविक या किराणा व्यापारी मित्राच्या घरी पोचला. ताप भरला, आणि ३१ ऑगस्टला, वयाची साठ वर्षे पुरी होण्याआधीच, तो गेला. लंडनमधल्या बनहिल फील्ड्स या दफनभूमीत त्याला पुरले. एलिझाबेथ तेव्हा बेडफर्डला होती.

तिला त्या कागदाची माहितीच नव्हती किंवा तो सापडला नाही. तिने इतर विधवांसारखा कोर्टात अर्ज केला. मालमत्तेची मोजदाद झाली ती ४२ पौंड १९ शिलिंग. चार वर्षांच्या आत तीही गेली. पुढे १८३८ साली ते घर पाडताना बनियनने तिच्यासाठी केलेला कागद मिळाला.